घरी बघायला ब्लू-रे डिस्क विकत घेणं परवडतं का?

तुमच्याकडं टीव्ही केवढा आहे त्यावर आहे बघा सगळं. ३२ इंची असेल तर सोडा नाद, डीव्हीडीच्या मानानं फरक दिसेल पण ओटीटीच्या मानानं काय कळणार नाही. ५५ इंची आणि बरा साउंडबार असेल तर मात्र मजा आहे की! साध्या ब्लू-रेत २५ नाहीतर ५० जीबी मावतं, फोरके म्हणजे त्याहून स्पष्ट चित्राच्या डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत, आणि ओटीटीवाले नेटवरून पाठवायचं म्हणून तोच सिनेमा दाबून दाबून बारीक करतात, त्यामुळं अंधारातल्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसतात ना, ते डिस्कवर जवळजवळ नसतंच. आवाजाचा फरक तर त्याहून जास्त, मला विचाराल तर पैसे आवाजाचेच.

आमच्या खानापूरकडं पावसाळ्यात नेट गेलं की गेलं, तेव्हा डिस्क कामाला येते (लाईट असली तर!).

पण मराठी सिनेमे ब्लू-रेवर फारसे येतच नाहीत, आणि इथं बेळगावात खडेबाजार पालथा घातलात तरी डिस्क मिळणं अवघड, ऑनलाइनच मागवा. बाहेरच्या देशातली घेताना रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचं अक्षर, बघून घ्या हं, आपला सी, अमेरिकेचा ए, चुकलं तर प्लेअर तोंड फिरवतो. फोरके डिस्कला ही भानगड नाही, पण तिला प्लेअर फोरकेवालाच लागतो.

मी स्वतः परत परत बघतो तेवढेच आठ-दहा सिनेमे घेतलेत, बाकी सगळं मोबाईलच्या रिचार्जवर.