ड्युएल नक्की किती मिनिटांचा? आणि इतर प्रश्न

प्रश्न: जुन्या बाजारात स्पीलबर्गच्या ड्युएलची डीव्हीडी मिळाली. प्लेअरवर 86 मिनिटांत संपते, नेटवर बघितलं तर 90 दाखवतात, आणि आमचे मेव्हणे म्हणतात खरा पिक्चर 74 मिनिटांचाच आहे. माझी कॉपी कापलेली आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, आणि मेव्हणेपण बरोबरच बोलतायत, फक्त त्यांना एवढ्यात सांगू नका. हा पिक्चर, म्हणजे लाल गाडीतल्या एका माणसाच्या मागे एक टँकर ट्रक हात धुऊन लागतो तो, मुळात टीव्हीसाठी केलेला, 13 नोव्हेंबर 1971 ला अमेरिकेत एबीसी चॅनेलवर लागला, स्लॉट दीड तासाचा, त्यातून जाहिराती गेल्या की उरतात 74 मिनिटं. लोकांना इतका आवडला की युनिव्हर्सलने तो युरोपात थिएटरला लावायचं ठरवलं, पण एवढा छोटा पिक्चर थिएटरात कसा चालायचा, म्हणून स्पीलबर्गला परत बोलावून आणखी सीन घेतले आणि तो दीड तासाचा झाला. आता तुमची हरवलेली 4 मिनिटं. फिल्म चालते सेकंदाला 24 फ्रेमने आणि आपल्याकडची टीव्हीची पाल सिस्टीम 25 ने, त्यामुळे पाल डीव्हीडीवर अख्खा पिक्चर किंचित पळतो आणि 90 चे 86 होतात, सीन एकही जात नाही.

वाढवलेले सीन म्हणजे सुरुवातीला गॅरेजमधून गाडी निघून शहरातून जाते ते, बायकोला केलेला फोन, अडकलेली स्कूलबस, आणि रेल्वे फाटकावर ट्रक मागून ढकलतो तो. फाटकाचा सीन जबरदस्त आहे, समोरून मालगाडी धडधडत चाललीय आणि मागून हा बाबा लाल गाडीला रुळाकडे रेटतोय, ब्रेक दाबून दाबून हिरो डेनिस वीव्हरचा जीव जायची वेळ. पण फोनचा सीन मला तरी नको होता. लाँड्रीच्या मशीनचं गोल दार उघडून त्याच्या काचेतून हिरो दाखवलाय, दिसायला भारी, पण त्यात घरचं भांडण सांगून टाकतात आणि मग हा नवरा म्हणून कसा आहे असा विचार डोक्यात येतो, आधी तो फक्त रस्त्यावरचा एक घाबरलेला माणूस होता ना, तेच बरं होतं. म्हणून जमलं तर 74 वाला बघाच.

प्रश्न: तो 74 वाला मिळेल कुठे? आणि ब्लू-रेवर चित्र वरखाली कापल्यासारखं वाटतं ते का? – वाचक, ठाणे

उत्तर: 2023 ला आलेल्या 4के (ब्लू-रेपेक्षाही बारीक चित्राच्या) डिस्कवर दोन्ही आहेत, थिएटरचा रुंद आणि टीव्हीचा चौकोनी. शूटिंगच जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाने केलेलं, थिएटरसाठी वरचं खालचं झाकलं, त्यामुळे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. 4के डिस्कला रीजनची (ठराविक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याची) भानगड नसते, पण साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालत नाही, हे ऑर्डर करायच्या आधी बघा, नंतर मला शिव्या नकोत.

प्रश्न: टँकरच्या मागे एवढं मोठं ज्वालाग्राही लिहिलंय, मग दरीत पडल्यावर फुटत का नाही? पैसे संपले का? – कॉलेजची वाचक, नाशिक

उत्तर: मलापण पहिल्यांदा बघताना चुकल्यासारखं वाटलेलं, आता वाटत नाही. अख्ख्या पिक्चरभर ड्रायव्हरचे बूट आणि हात सोडून काही दिसत नाही, म्हणजे व्हिलन ट्रकच आहे, धडाम करून उडवला असता तर दोन सेकंदांत खेळ खलास. इथे तो जनावरासारखा मरतो, पडताना डायनोसॉरसारखा ओरडतो (तोच आवाज पुढे 1975 ला स्पीलबर्गच्याच जॉजमध्ये शार्क मरताना वापरला), मग धूळ खाली बसते, स्टीअरिंगवरून काहीतरी ठिपकत राहतं, चाक हळूहळू फिरत थांबतं. आणि वर कड्यावर आपला हिरो, मावळतीच्या उन्हात खाली बसून दरीत एकेक खडा टाकतोय.