भाजी कुठे मिळते, ते आधी विचारते

“घरात भाजी शिजत नाही, पोरं पाकिटं खातात. आई म्हणून मीच कमी पडते का?” आहार समुपदेशनात हा प्रश्न सतत येतो. एका ताईंची हकिकत सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

ताई आधी रेल्वेलगतच्या वस्तीत राहायच्या. वस्ती हटली, मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास होतं. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. कुणीतरी दिलेला आहारतक्ता त्यांच्या पिशवीतच होता. तक्त्यात चूक काहीच नव्हती. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची शिफारसही माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळांची आहे. चौघांच्या घरात दीड किलोच्या वर भाजी झाली, आणि लिफ्ट बंद.

“खाली उतरलं की काय काय मिळतं?” मी विचारलं. वडापाव, फरसाण, बिस्किटं, पाच रुपयांची पाकिटं. भाजीबाजाराला शेअर रिक्षा. धुणीभांडी उरकून परतायला रात्रीचे आठ वाजायचे, तोवर मेथी मलूल झालेली. जुन्या वस्तीत भाजीवाली दारात यायची, अर्धी जुडी द्यायची, पैसे पगाराला घ्यायची. घर बदललं तशी ती उधारीही तुटली. रेशनचं धान्य फुकट आहे. भाजीला रोख लागते. आणि ताई स्वतःला आळशी म्हणत होत्या!

दुकान जवळ आलं की खाणं आपोआप सुधारतं, असंही नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका गरीब भागात सुपरमार्केट उघडलं. भाजी आता सहज मिळते असं लोकांना वाटू लागलं, पण ताटातली फळं-भाजी फारशी वाढली नाही, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून ताईंचा वेळ आणि पैसा दोन्ही धरून आम्ही बसलो.

टिकणाऱ्या भाज्या रविवारी आणायच्या: लाल भोपळा, कोबी, गाजर, बीट. मटकी, चवळी रात्री भिजवायची, मोड आले की उसळ, वर लिंबू, कारण आंबटामुळे लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्याच, त्या नियमित सुरू केल्या. मुलाचं पाकीट एकदम बंद केलं नाही. शाळेतून आला की आधी उकडलेले चणे, नाहीतर गूळ-शेंगदाणे. भूक भागल्यावर त्याचा हट्ट बराच उतरला.

सगळ्यात चांगली युक्ती ताईंचीच. मजल्यावरच्या बायकांनी पाळी लावली: एकीने जायचं, सगळ्यांची भाजी आणायची, रिक्षाभाडं वाटून घ्यायचं.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १० च्या वर गेलं. धाप अजून पूर्ण गेलेली नाही. भाजीच्या हातगाडीला संध्याकाळी गेटजवळ उभं राहू द्या, असा अर्ज बायकांनी सोसायटीला दिलाय. मला तो कुठल्याही आहारतक्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कमिटीने अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या सभेत ताई स्वतः बोलणार आहेत.