दुपारी तीनला काय होतं?

शांघायमध्ये समुपदेशन करताना पंचेचाळिशी ओलांडलेल्या, रजोनिवृत्तीच्या (पाळी थांबण्याच्या) काळातल्या बायकांच्या तोंडून मी एकच प्रश्न ऐकत आलेय : "लाओशी, माझं डोकं तर फिरलं नाही ना?" (शाळेतल्या बाईंना म्हणतात तसंच समुपदेशकालाही इथे 'लाओशी' म्हणतात.) शिक्षिका विचारते, नर्स विचारते, शिवणाच्या कारखान्यातली कामगारही विचारते.

त्यातलीच एक कारखान्यातली कामगार, वय 49. खांदे-गुडघे दुखतात, झोप नाही, घरात पाऊल टाकलं की मुलावर खेकसते. पाळी अनियमित झाल्याचं तिनं उठता उठता सांगितलं. इकडे बऱ्याच जणी अंगातून वाफा येतात हे सांगण्याआधी सांधेदुखी आणि निद्रानाशच सांगतात, त्यामुळे रजोनिवृत्तीशी धागा चटकन जुळत नाही.

"सर्वांत वाईट वेळ कोणती?"

"दुपारचे तीन. अंगातून वाफ निघते, घाम कापडावर टपकतो. डाग पडला की पैसे कापतात."

"उठून तोंड धुता येत नाही?"

"लाईन अडते ना! पुढची बाई हात बांधून बसते."

"मग हे सगळं जातं कुठे?"

बराच वेळ ती बाहीला चिकटलेला दोरा ओढत राहिली. "मुलावर," म्हणाली. "पन्नाशीला सुटेन म्हणून दिवस मोजत होते, तेही पुढे ढकललं."

चीनमध्ये कामगार बायकांचं निवृत्तीचं वय 50 होतं, कार्यालयीन पदावरच्यांचं 55. जानेवारी 2025 पासून ते टप्प्याटप्प्यानं 55 आणि 58 कडे सरकतंय. तिचा निम्मा संताप या बदलावर होता, आणि ती तो स्वतःच्या स्वभावाच्या खाती मांडत होती!

मी मनाआधी दिवस तपासते, आणि माझा हा हट्ट सहसा फुकट जात नाही. वाफ तीच, पण शिक्षिकेला निदान खिडकी उघडता येते. नर्सची झोप रात्रपाळीनं आधीच मोडलेली असते. म्हणून दोन आठवडे वहीत वेळ, त्रास आणि हातातलं काम एवढंच लिहा. ती वही घेऊनच माझी कामगार सुपरवायझरकडे गेली; पंख्याजवळची जागा मिळाली, मधली सुट्टी मात्र नाही.

घरच्यांना "मी चिडले" असं म्हणण्यापेक्षा "आज झोप झाली नाही" असं सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड तपासा, काढे घेत असाल तर लपवू नका. हार्मोनच्या गोळ्यांना ऐकीव भीतीनं नकार देऊ नका; असा त्रास असलेल्या, साठीच्या आतल्या निरोगी बाईला त्यांचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो, पण निर्णय डॉक्टरांसोबत घ्या. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर माझ्याकडे नाही, थेट दवाखान्यात जा.