पेल्टन टर्बाइनला नोझल किती मिलीमीटरचं?

पेल्टन टर्बाइन म्हणजे पाण्याच्या वेगवान धारेने फिरणारं, वीज बनवणारं चाक; नोझल म्हणजे ती धार सोडणारं पाइपाच्या टोकाचं निमुळतं तोंड. समजा, ओढ्यापासून 45 मीटर उंचीवरून पाइप येतो आणि त्याच्या पाण्याने 20 लिटरची बादली 4 सेकंदांत भरते, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. पाइपातल्या घर्षणात 5 मीटर गेले असं धरू, उरले 40. (अंदाज नको, पाणी चालू ठेवून नोझलमागे प्रेशर गेज लावा, साधारण 3.9 बार दिसायला हवा.)

धारेचा वेग = 0.97 × √(2 × 9.81 × 40) ≈ 27 मीटर प्रतिसेकंद (0.97 हा नोझलमधली थोडी घट धरणारा गुणक). प्रवाहाला वेगाने भागलं की छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे 184 चौरस मिलीमीटर, म्हणजे व्यास 15 मिलीमीटरच्या आसपास.

पाण्यातली शक्ती 9.81 × 5 × 40 = 1962 वॅट. घरगुती संचातून निम्मीच हाती लागते, 1 किलोवॅट धरा. उन्हाळ्यात ओढा आटला की 10 मिलीमीटरचं नोझल बसवा, नाहीतर पाइप रिकामा होऊन दाब पडेल.