सगळ्यांनाच 'भूभू' म्हणणारं बाळ आणि आमची कार्डं

ताई, तुमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे, गाय-शेळी-मांजर सगळ्यांना 'भूभू' म्हणतो आणि म्हणून तुम्ही रोज चित्रांची कार्डं दाखवायला लागलात, हे वाचून राहवलं नाही. माझ्या लेकीच्या वेळी हेच झालं होतं.

'भूभू'चं फार मनावर घेऊ नका. या वयात मुलं हाताशी असलेला शब्द ताणून वापरतात. 'गाय कुठंय?' विचारून बघा, बोट बरेचदा बरोबर गायीकडेच जातं.

कार्डांबद्दल मात्र सविस्तर लिहिते. आम्हाला एका केंद्रात रोज चाळीस कार्डं दाखवायला सांगितलं होतं. वहीत 'ओळखलं / नाही ओळखलं' अशी खूण करायची. चार महिने मी एक दिवस चुकवला नाही. वाटीचं कार्ड दिसलं की लेक लगेच 'वाती' म्हणायची. एके दिवशी जेवताना पितळेची वाटी पुढे केली, 'हे काय?' विचारलं, तर नुसती बघत राहिली. तिच्या लेखी वाटी म्हणजे निळ्या कडेचं ते एकच चित्र होतं! केंद्रात सांगितलं, तर उत्तर मिळालं, 'कार्डं वाढवा.' वाटी कधी हातात दिली होती का, हे कुणीही विचारलं नाही. त्याचा राग अजून जात नाही. आणि त्याच चार महिन्यांत 'आधी कार्डं' म्हणून मी तिला भांड्यांच्या मांडणीपासून उठवून आणत होते, हे जास्त लागतं.

पुढे वाचलं तेव्हा उलगडलं. १९८८ मध्ये लँडाऊ, स्मिथ आणि जोन्स या संशोधकांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक अनोळखी लाकडी वस्तू दाखवून तिला 'डॅक्स' असं बनावट नाव दिलं. मग आणखी कशाकशाला डॅक्स म्हणायचं? मुलांनी आकार धरला. लहानमोठेपणा किंवा खरखरीतपणा नाही. २००२ मध्ये लिंडा स्मिथ यांच्या गटाने सतरा महिन्यांच्या मुलांना सात आठवडे एकाच नावाच्या जोड्या खेळायला दिल्या: आकार तोच, रंग आणि साहित्य वेगळं. ती मुलं नंतर घरीही वस्तूंची नावं भराभर शिकली. माझ्या मते गोम इथेच आहे. दोन वाट्या शेजारी असल्या तरच दोघींत सारखं काय ते मुलाला दिसतं. एकाच चित्रात ते कुठून दिसणार?

मग मी तिला सरळ स्वयंपाकघरात बसवलं. स्टीलची, पितळेची, काचेची. 'ही वाटी, हीपण वाटी. आणि हे बघ, हे फुलपात्र.' काही आठवड्यांनी आजीची चांदीची वाटी तिने पहिल्यांदाच पाहिली आणि आपणहून 'वाती' म्हणाली. मला रडूच आलं.

तुम्हीही 'भूभू नाही' एवढंच म्हणून थांबू नका. 'ही गाय, शिंगं बघ' असं नाव आणि खूण दोन्ही द्या. सुटा शब्द देण्यापेक्षा 'तो पेला', 'ती वाटी', 'ते पातेलं' असं म्हणा. मराठीत शब्दाचं लिंगही कानावर पडायला हवं.

मी तज्ज्ञ नाही, आमचं एकच मूल. कानांची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. बोट दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द गळत असतील तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला थांबू नका.

आणि काचेची वाटी देणार असाल तर खाली जाड सतरंजी घाला, शेजारून हलू नका.