समुद्रात पूल आणि बंदरं बांधणाऱ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या एवढ्या मोठ्या कशा होतात? सोलापूरच्या मुलानं अशा कंपनीत जावं का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात, अशाच एका कंपनीचं बोलावणं आलंय, आणि घरचे म्हणतायत, "समुद्र कुठं, आपण कुठं." मी सोलापूरचाच. आधी पायलिंगच्या, म्हणजे जमिनीत पायाचे खांब (पाईल) घालण्याच्या साईटवर आणि नंतर टेंडर विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं.

घरच्यांना आधी वालचंद हिराचंदांची आठवण करून द्या. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. १९१९ मध्ये सिंधिया या जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं, त्या कंपनीच्या संस्थापकांत ते होते. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू याच एचसीसीनं बांधलाय.

आता मूळ प्रश्न. या धंद्यात कंपनीची सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे पूर्ण केलेल्या कामांचे दाखले. टेंडर भरायच्या आधी पीक्यू, म्हणजे पात्रता, पार करावी लागते. सरकारी कामात साधारण अट अशी असते: गेल्या सात वर्षांत त्याच प्रकारचं, अंदाजित किमतीच्या ८० टक्के किमतीचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन कामं पूर्ण केलेली असावीत. म्हणजे शंभर कोटींची जेट्टी (जहाजं लागायचा धक्का) हवी असेल तर ऐंशी कोटींची जेट्टी आधी बांधलेली पाहिजे. मग पहिली जेट्टी मिळणार कशी? कंपन्यांच्या वाढीची सगळी गोष्ट या पेचातून बाहेर पडण्याची आहे.

तुम्ही अफकॉन्सचं नाव घेतलंय, तेच उदाहरण घेऊ. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडची रोडिओ आणि इथली हजरत अँड कंपनी यांच्या भागीदारीतून तिची सुरुवात झाली. काम पायाचं: जमिनीत ग्राउटिंग करणं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरणं, आणि पाईल घालणं. बाहेरच्या माणसाला यात मोठं काही दिसत नाही, पण जेट्टी तरी काय असते? पाण्यात उभ्या केलेल्या पाईल्स, त्यांवर पाईल कॅप (खांबांच्या माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा), बीम आणि वर डेक, म्हणजे वावरायची स्लॅब. पाईल उत्तम घालता येत असेल तर समुद्रात उतरायला फक्त बार्ज (सपाट तळाची, यंत्रं वाहणारी नौका) आणि भरती-ओहोटीचं गणित लागतं. पुलाचं खरं अवघड कामही पाण्याखालीच असतं. म्हणून पायावाली कंपनी जेट्टीकडे आणि पुढे मोठ्या पुलांकडे सरकली, यात मला नवल वाटत नाही. २००० साली शापूरजी पालनजी समूहानं ती घेतली आणि पाठीशी मोठं घर आलं.

जिथं स्वतःचा दाखला नसतो, तिथं जॉइंट व्हेंचर. कोलकात्याला हुगळीखालचा मेट्रोचा बोगदा अफकॉन्सनं ट्रान्सटनेलस्ट्रॉय या रशियन कंपनीसोबतच्या भागीदारीत खणला. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटर. खोदाई २०१७ ला झाली, गाड्या मात्र २०२४ च्या मार्चमध्ये धावल्या. चिनाबच्या पुलावर कोरियाची अल्ट्रा कन्स्ट्रक्शन सोबत होती. अटल सेतूच्या पहिल्या टप्प्यात एल अँड टीनं जपानची आयएचआय घेतली, कारण त्या पुलावर लांब गाळ्यांचे, म्हणजे खांबांमधलं अंतर मोठं असलेले, पोलादी डेक होते आणि जपान्यांचा त्यात हातखंडा. पहिल्यांदा भागीदाराच्या दाखल्यावर काम मिळतं, ते पूर्ण झालं की आपल्या वाट्याचा दाखला आपला होतो, आणि पुढच्या टेंडरला तोच लावता येतो.

परदेशात जायचा रस्ता पुष्कळदा दिल्लीतून जातो, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. भारत सरकार एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत दुसऱ्या देशाला सवलतीचं कर्ज देतं आणि त्यातला मोठा हिस्सा, साधारणपणे ७५ टक्के, भारतीय माल आणि सेवांवर खर्च करायची अट असते. मालदीवमध्ये माले ते थिलाफुशी हा ६.७४ किलोमीटरचा जोडपूल याच रीतीनं अफकॉन्सकडे आला: भारताचं ४० कोटी डॉलरचं कर्ज, वर १० कोटी डॉलरचं अनुदान. टेंडरमध्ये स्पर्धा असते, पण ती भारतीय कंपन्यांमध्ये. तिथं एकदा पाय रोवला की त्या भागातल्या पुढच्या कामांना "आम्ही इथं काम केलंय" असं सांगता येतं.

डच आणि बेल्जियन कंपन्यांची वाट वेगळी. व्हॅन ऊर्ड १८६८ मध्ये विलोच्या फांद्यांच्या व्यापारातून उभी राहिली. त्या फांद्या विणून बांधांच्या तळाशी अंथरत. तीच कंपनी पुढे दुबईचं पाम जुमेरा बेट करायला गेली, जिथं सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू टाकली गेली. त्यांची ताकद समुद्रतळ उपसणाऱ्या जहाजांत आहे. बेल्जियमच्या यान दे नुलचं 'क्रिस्तोबल कोलोन' एका खेपेत ४६,००० घनमीटर गाळ पोटात घेतं. असं जहाज ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी दरात कोण झुंजणार?

पण यंत्र जितकं मोठं तितकी त्याची भूकही मोठी. आपल्याकडे यंत्रमागवाल्याला विचारा: माग बंद ठेवला तरी हप्ता आणि शेडचं भाडं चुकत नाही, मग तो मजुरी तुटपुंजी असली तरी सूत घेतो. बार्ज, जॅक-अप (तळाशी पाय रोवून पाण्यात उभा राहणारा तराफा) आणि रिग (पाईलसाठी भोक पाडायचं यंत्र) यांचं अगदी तसंच आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघड्या समुद्रातलं काम जवळपास थांबतं, पण खर्च थांबत नाही. दिवाळीनंतर हातात काम नसेल तर कंपनी तोट्याच्या दरानंसुद्धा टेंडर भरते. अशा कामांनी ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या कामांची यादी, फुगतं, बातमी छापून येते, आणि दोन वर्षांनी साईटवर डिझेलला पैसे नसतात. माझ्या मते मोठ्या दिसणाऱ्या कंपन्या आजारी पडण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण अडकलेले पैसे. काम मिळालं की बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची हमी, द्यावी लागते, मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स (काम सुरू करायला मिळणारी आगाऊ रक्कम) घेतला तर त्याचीही वेगळी. बँकेनं ठरवलेली हमीची मर्यादा संपली की पात्रता असूनही टेंडर भरता येत नाही. दर आरए बिलातून, म्हणजे चालू कामाच्या बिलातून, रिटेन्शन म्हणून काही रक्कम राखून ठेवतात. आणि समुद्राखाली जमीन वेगळी निघाली तर? एका बंदराच्या कामात मालकानं दिलेल्या बोअरहोलच्या (जमीन तपासायला पाडलेल्या भोकांच्या) नोंदीपेक्षा खडक कित्येक मीटर वर लागला. महिनोन् महिने चिझलिंग, म्हणजे खडक फोडणं, चाललं, रोज एकेक पाईल मागे पडत गेली. आम्ही क्लेम, म्हणजे जादा खर्चाचा दावा, टाकला, लवादात जिंकलो, पण पैसे हातात येईपर्यंत त्या साईटवरचे निम्मे लोक कंपनी सोडून गेले होते. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

ही एकट्या कुणाची रड नाही. वांद्रे-वरळी सेतूचं काम २००० मध्ये सुरू झालं, २००४ ला संपायचं होतं, वाहतूक २००९ च्या जूनअखेर सुरू झाली. लवादात ठेकेदार जिंकला तरी सरकारी संस्था कोर्टात जातात आणि रक्कम वर्षानुवर्षं अडते, म्हणून २०१६ मध्ये केंद्रानं बँक गॅरंटीवर ७५ टक्के रक्कम आधी द्यायचं ठरवलं. २०१९ मध्ये निवाड्यांना आपोआप स्थगिती मिळवून देणारं लवाद कायद्यातलं ८७ वं कलम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. तिथं याचिका घेऊन गेली होती ती एचसीसीच. तिच्यावर पुण्याजवळच्या लवासा या नव्या शहराच्या प्रकल्पाचंही ओझं होतं. लवासा कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आयपीओच्या, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकण्याच्या, आकड्यांनीही दिपून जाऊ नका. अफकॉन्सचा २०२४ चा इश्यू ५,४३० कोटींचा होता, पण कंपनीच्या तिजोरीत यायचे होते १,२५० कोटी; बाकी प्रवर्तकानं विकलेले शेअर. हे सगळं जाहीर कागदपत्रांत असतं. तुम्हाला बोलावणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि नफा बघायच्या आधी कामकाजातून आलेली रोकड बघा. नफा वाढतोय आणि रोकड सतत उणे असेल तर क्लेम आणि थकलेली बिलं उत्पन्नात धरलेली असण्याची शक्यता असते. मुलाखतीला गेलात की विचारा: साईट कोणती, पगार वेळेवर होतो का, पावसाळ्यात माणसं कुठं हलवतात. चांगली कंपनी या प्रश्नांनी रागावत नाही.

जावं का? माझं उत्तर हो, जरूर जा. फक्त पहिली दोन-तीन वर्षं मुंबईच्या ऑफिसात बसू नका, पायलिंगची साईट मागून घ्या. लायनर (पाईलभोवतीची पोलादी नळी) उतरताना, काँक्रीट ओतताना, भरतीची वेळ टळताना जे डोळ्यांनी दिसतं, ते पुढे टेंडरचे दर भरताना जन्मभर उपयोगी पडतं. आणि रुजू व्हायच्या आधी पोहायला शिका. लाइफ जॅकेट मिळतंच, पण रात्रपाळीला टगवरून (ओढबोटीवरून) बार्जवर पाऊल टाकताना पाण्याची भीती असेल तर माणूस पायलिंगच्या साईटवर टिकत नाही.