आडतीच्या सर्व्हरवर डिस्कची वाटणी कशी करावी?

परभणीच्या मोंढ्यातल्या आडतीसाठी तुम्ही डेबियन लिनक्सचा सर्व्हर बसवताय. १ टीबीच्या दोन डिस्क, १६ जीबी रॅम, हिशोबपट्ट्यांसाठी पोस्टग्रेस डेटाबेस आणि पावत्यांचे स्कॅन. सगळं एकाच पार्टिशनमध्ये (डिस्कच्या एका भागात) ठेवावं की वेगळं, असं तुम्ही विचारलंय.

वेगळं ठेवा, पण सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. भावकीत एकदा बांध पडला की तो हलवणं किती अवघड असतं, हे तुम्हाला सांगायला नको. साध्या पार्टिशनचंही तसंच आहे. म्हणून मधे एलव्हीएम घ्या, म्हणजे जागेचे नंतर वाढवता येणारे भाग (व्हॉल्यूम) पाडता येतात.

दोन्ही डिस्कवर जीपीटी टेबल (पार्टिशनची यादी) करा. सुरुवातीला ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन ठेवा, मशीन तिथूनच सुरू होतं. ते रेडमध्ये (दोन डिस्कच्या जोडीत; रेड-१ मध्ये दोन्हीवर तोच डेटा राहतो) घालू नका, दोन्हीकडे स्वतंत्र ठेवा आणि दुसऱ्या डिस्कवरही ग्रब (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) टाका. नाहीतर पहिली डिस्क मेली की डेटा शाबूत असूनही मशीन उठत नाही. त्यानंतर १ जीबीचं /बूट रेड-१ मध्ये. त्याहून लहान ठेवलं तर जुन्या कर्नलनी (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) भरतं आणि अपडेट अर्धवट अडकतं. उरलेलं सगळं एका रेड-१ मध्ये, त्यावर एलव्हीएम. १ टीबीची डिस्क तिथं ९३१ च्या आसपास दिसेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.

आता वाटणी. रूट ३० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) ४, /व्हार २५, /व्हार/लॉग १०, /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल १५०, स्कॅनसाठी /एसआरव्ही १००. बेरीज ३१९. बाकीची सहाशेच्या आसपास जागा गायरानासारखी मोकळी सोडा. /यूएसआर वेगळं काढण्यात आता अर्थ नाही, /बिन स्वतःच त्याच्या आत गेलंय. /टीएमपी वेगळं करून नोएक्झेक (तिथून प्रोग्रॅम चालू न देणारा पर्याय) लावलंत तर काही पॅकेज बसताना तक्रार करतात, कारण त्यांच्या स्क्रिप्ट तिथूनच चालतात.

पोस्टग्रेस वेगळं ठेवण्याचं कारण नीट समजून घ्या. लॉग बेफाम वाढला तर फक्त /व्हार/लॉग भरेल, पट्ट्या निघत राहतील. उलट वॉल फायलींसाठी (पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथं नोंदवतो त्या) जागा उरली नाही तर पोस्टग्रेस पॅनिक देऊन बंदच पडतो. वॉल फायली साठण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फसलेली आर्काइव्ह कमांड (वॉल फायली दुसरीकडे जपून ठेवणारी) किंवा विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी त्या अडवून ठेवणारा). अशा वेळी पीजी-वॉल फोल्डरमधल्या फायली हातानं उडवू नका, डेटाबेस कायमचा बिघडू शकतो. मोकळी जागा असेल तर ‘एलव्हीएक्सटेंड’ला ‘-आर’ लावून २० जीबी जोडा, फाइलसिस्टीम चालू असतानाच वाढते. मग पोस्टग्रेस सुरू करून मूळ कारण शोधा. सोयाबीनची आवक ऐन भरात असताना हे काम मिनिटांत होतं, आणि मोकळी जागा सोडायची ती याचसाठी. डंप (बॅकअपसाठी काढलेली डेटाबेसची प्रत) मात्र याच व्हॉल्यूमवर घेऊ नका.

फाइलसिस्टीम सगळीकडे ईएक्सटी४ ठेवा. एक्सएफएस चांगलीच आहे, पण ती वाढते, लहान करता येत नाही. ईएक्सटी४ बंद ठेवून लहानही करता येते. ती ५ टक्के जागा रूट यूजरसाठी राखून ठेवते, म्हणजे १५० मधले साडेसात जीबी. डेटाच्या व्हॉल्यूमवर ‘ट्यून२एफएस -एम १’ करा, रूटवर राहू द्या. जागा शिल्लक दिसूनही ‘नो स्पेस’ आलं तर ‘डीएफ -आय’ बघा. बारक्या फायली लाखांनी साठल्या की आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपतात.

एक चूक हमखास होते. पोस्टग्रेस आधी बसवलं आणि नवं व्हॉल्यूम नंतर त्याच जागी माउंट केलं (त्या फोल्डरला जोडलं), की जुना डेटा खाली झाकला जातो. तो दिसत नाही, पण रूटमधली किंवा /व्हारमधली जागा अडवून बसतो. सर्व्हिस बंद करा, व्हॉल्यूम तात्पुरतं /एमएनटीवर लावून ‘सीपी -ए’नं डेटा हलवा, जुना फोल्डर रिकामा करा, मग माउंट करा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली पट्टी दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. बाहेरची यूएसबी डिस्क ठेवा आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) तिची ओळ यूयूआयडीनं (डिस्कच्या कायम ओळख क्रमांकानं) लिहून ‘नोफेल’ जोडा, म्हणजे ती नसली तरी सर्व्हर सुरू होतो. बदल केला की ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. नोफेल विसरलात, डिस्क घरी राहिली आणि तेवढ्यात लाईट जाऊन आली, तर सर्व्हर दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसतो.